चिंचेखालची पंगत

माणूस कमी बोलतो म्हणजे किती कमी, याचं माप घ्यायचं असेल तर बलभीम मोट्याचा एक किस्सा पुरे. येडशीच्या बाजारात एकदा कुणाची तरी मोटारसायकल त्याच्या पायावरून गेली. चालवणारा घाबरून खाली उतरला, म्हणाला, “लागलं का काका?” बलभीम म्हणाला, “बरंय.” आणि चालू लागला. पंधरा दिवसांनी अंगठ्याचं नख गळून पडलं, तेव्हा कुठं घरात कळलं.

ही खोड लहानपणापासूनची. चौथीत असताना शाळा तपासायला मोठे साहेब आले. त्यांनी विचारलं, “सात नव्वे किती?” सगळा वर्ग खाली मान घालून बसला. बलभीमला येत होतं, पण बोट वर झालं नाही. साहेब गेल्यावर गुरुजींनी अख्ख्या वर्गाला छड्या दिल्या, त्यात बलभीमनंही दोन खाल्ल्या. संध्याकाळी गोठ्यात म्हशीपुढं वैरण टाकताना तो तिच्या कानाशी हळूच म्हणाला, “त्रेसष्ट.” आईनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून म्हणाली, “आरं, म्हशीला कळून काय उपेग? गुरुजीला सांगायचं की!” म्हस मात्र समाधानानं रवंथ करत राहिली.

तर असा हा बलभीम पुढं रेल्वेत लागला, आधी गँगमध्ये, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत, आणि मग चावीवाला म्हणून. कुलपाच्या चाव्यांशी याचा काही संबंध नाही. रूळ स्लीपरला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडी असतात, त्यांना रुळावरची माणसं चावी म्हणतात. गाड्या धडधडत गेल्या की त्या ढिल्या होतात, निसटतात. मग रोज सकाळी एका माणसानं हातोडा, पाना आणि लाल झेंड्या घेऊन सहा किलोमीटर जायचं आणि सहा किलोमीटर परत यायचं. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्यावर. ढिली चावी ठोकायची, गेलेली बसवायची आणि संध्याकाळी वहीत लिहायचं. येडशीच्या पुढं रामलिंगच्या डोंगराला वळसा घालून जाणारा रूळ बलभीमच्या वाट्याला आला होता. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला माळ आणि मधे हा एकटा. एकोणीस वर्षं.

कामात मात्र तो असा तयार, की काय सांगावं! रुळावर हातोडा टेकवला की आवाजावरून त्याला कळायचं, चावी बसलीय का नुसती टेकलीय. ती सवय बाजारातही सुटली नाही. कमलबाई, म्हणजे त्याची बायको, भांड्याच्या दुकानात कळशी पसंत करायची. हा बोटाच्या पेरानं एकदा वाजवायचा आणि गुपचूप खाली ठेवून पुढं निघायचा. दुकानदार हात जोडायचा, “वैनी, तुम्ही या, पण मालकाला आणू नका. ह्येनी वाजवलेलं भांडं दुसरं गिऱ्हाईक बी घेत न्हाय.”

दोघांचं मिळून जेवढं बोलायचं ते कमलबाई बोलायची. दूधवाल्याशी, पोरीच्या सासरकडच्यांशी, पाहुण्यारावळ्यांशी. “ह्यांचं म्हणणं असं हाय,” असं म्हणून ती त्याचंही म्हणणं सांगून टाकायची. बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं. सहा वर्षांमागं ती गेली. तिच्याबरोबर बलभीमचं म्हणणंही गेलं.

त्यानंतर त्याच्या आयुष्यात तीनच शब्द उरले. पुण्याहून लेक गायत्री रविवारी फोन करायची, “बाबा, बरंय का?” तो म्हणायचा, “बरंय.” दोन्हीकडं थोडा वेळ पंख्याचा आवाज, आणि फोन बंद. दुसरा शब्द वहीतला. दिवसभरात चार चाव्या ठोकलेल्या असोत का चाळीस, संध्याकाळी तो तारीख टाकून लिहायचा, “सर्व ठीक.” त्याचं म्हणणं असं की बिघाड होता तेव्हा होता, आता ठोकला, आता ठीकच आहे, मग खोटं काय लिहिलं?

तिसरा शब्द चिंचेखालचा होता.

वळणाच्या अलीकडं रुळाच्या बाजूला एक जुनी चिंच आहे. गँगची माणसं दुपारी तिथं जेवायला बसतात. दहा डबे उघडतात, कुणाची शेंगाचटणी, कुणाचं पिठलं, कुणाचा आंबट चुका, आणि हात एकमेकांच्या डब्यात फिरतात. त्याच वेळेला बलभीम परतीच्या वाटेवर तिथून जायचा. कुणीतरी हाक मारायचं, “या अण्णा, जेवायला!” आणि बलभीम चालता चालता म्हणायचा, “झालं.”

झालेलं नसायचं. हे सुरू झालं कमलबाईच्या आजारपणात. तेव्हा भाकरी तोच थापायचा. भाकरी कसली, एका बाजूला करपलेली, दुसऱ्या बाजूला कच्ची. असला डबा दहा माणसांत कसा उघडावा, म्हणून एक दिवस तोंडातून निघून गेलं, “झालं.” दुसऱ्या दिवशीही निघालं. मग ती रीतच पडली. पुढं भाकरी बरी जमायला लागली, पण शब्द काही परत घेता येईना. तो पुढं मोरीच्या पुलावर जाऊन एकटाच खायचा. एक कानतुटं वानर समोर येऊन बसायचं. त्याला तो अर्धी भाकरी द्यायचा. वानरानं त्याला कधी “या” म्हटलं नाही, त्यामुळं त्याला “झालं” म्हणायची वेळ आली नाही.

अलीकडं त्याच्या गळ्यात एक यंत्र आलं होतं, डबीएवढं. चावीवाला कुठं चाललाय ते हापिसात बसून दिसतं. बलभीम कुठं आहे हे आता साहेबांना मिनिटामिनिटाला कळायचं. कसा आहे, हे सांगणारी डबी अजून कुणी काढलेली नाही.

गँगचा मेट म्हणजे मुकादम होता मुनवर. मुनवरभाई म्हणजे सगळं उलटं. तोंडाचा पट्टा सकाळी सुटला की संध्याकाळी घरी गेल्यावरच थांबायचा. रूळ हलवायचा तर दहा माणसांनी दहा पहारी एकाच क्षणी दाबाव्या लागतात. त्यासाठी मेट हाक देतो आणि गँग तिला साथ देते. मुनवरच्या हाका आसपासच्या गावात माहीत होत्या, आणि त्यांत गँगमधल्या युवराजची सासू हमखास यायची. “बोला रे, वाशीचा खवा!” “हैसा!” “तुपात तळावा!” “हैसा!” “युवराजच्या सासूला!” “हैसा!” “सांगून कळावा!” आणि हसता हसता रूळ सरकलेला असायचा.

हा मुनवर दिवाळीनंतर निवृत्त होणार होता. त्याच्या जागी यादीत पहिलं नाव बलभीमचं. आठ वर्षांमागं एकदा बढती आली होती, तेव्हा कमलबाईच्या दवाखान्यापायी त्यानं “नको” लिहून दिलं होतं. आता तो छप्पन्नचा. ही संधी गेली तर पुढचा नंबर येईपर्यंत त्याचाच निरोपाचा नारळ निघणार.

गँगला वाटलं, तो याही वेळी नको म्हणेल. मुनवरनं मात्र त्याला रुळावर गाठून विचारलं, “बलभीम, काय ठरवलंस? ये जागा तेरी हय. पण ऐकून ठेव, मेटचं ताट पंगतीत मधोमध असतंय. तिथं बसून ‘झालं’ म्हणता येत न्हाय.”

बलभीमनं पायाजवळची एक चावी ठोकून बघितली. मग म्हणाला, “म्हणून तर पायजे, मुनवरभाई.”

मुनवरनं टोपी काढून डोकं खाजवलं. एकोणीस वर्षांतलं बलभीमचं हे सगळ्यात मोठं भाषण होतं.

आता घोडं अडलं कुठं ते ऐका. बलभीमच्या सुटीच्या दिवशी त्याच्या वाटेनं भुवनेश्वरी जायची. बाई लोहाऱ्याकडची, बोलण्यात कानडीचा हेल. तिचा नवरा याच गँगमध्ये होता. तो वारल्यावर तिला नोकरी लागली. पदर खोचून पहार धरायची तर दोन गड्यांना ऐकायची नाही. अशाच एका दिवशी वळणावर तिला एका चावीखाली पत्र्याचा तुकडा दिसला. तेलाच्या डब्याचा, कापून घडी घातलेला. पुढं आणखी दोन. तिनं पाय रोवले, मोबाइल काढला आणि वर कळवलं.

तो उद्योग बलभीमचा होता. नवीन चाव्या यायला दोन दिवस होते, तोवर ढिल्या जागेत त्यानं पत्रा घालून पकड घट्ट केली होती. पक्की केली होती, त्यात वाद नाही. पण वहीत लिहिलं होतं, “सर्व ठीक.”

साहेब आले. तरुण, चष्मेवाले. त्यांनी तुकडे काढायला लावले, नव्या चाव्या बसवल्या, आणि चौकीत बसून बलभीमच्या जुन्या वह्या मागवल्या. एक उघडली, दुसरी उघडली, सहावी उघडली. गँग दारात उभी होती. भुवनेश्वरी खाली बघत होती.

“मोटे,” साहेब म्हणाले, “एकोणीस वर्षांत तुमच्या रुळावर एकही चावी ढिली झाली नाही?”

“झाल्या साहेब.”

“किती?”

“लई.”

“मग हे काय आहे?”

बलभीमनं उघड्या पानावरचं “सर्व ठीक” वाचलं.

“तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. तुमच्याएवढं या लाईनीवर कुणाला येत नसेल. पण हे सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यात. उद्या तुम्हाला ताप आला, तर मागच्या माणसानं काय करायचं? या बाईनं काय समजायचं, पत्रा तुमचा आहे की कुणी खोडसाळपणा केलाय?” त्यांनी वह्या मिटल्या. “काम येणं वेगळं आणि दहा जणांकडून करून घेणं वेगळं. मेटला सांगावं लागतं, विचारावं लागतं, ओरडावं लागतं. मला नाव पुढं पाठवायचं आहे. पाठवू कशाच्या जोरावर?”

उत्तर बलभीमला येत होतं, पण बोट वर झालं नाही. सात नव्वे त्रेसष्ट.

मुनवरच मधे पडला. “साहेब, पुढच्या मंगळवारी वळणावरचा सरकलेला रूळ ओढून जागेवर घ्यायचाय. मी चिंचेखाली बसतो, तोंडाला कुलूप लावून. हाक बलभीम देईल. जमलं तर पाठवा नाव, न्हाय जमलं तर खुदा हाफिज.”

साहेबांनी मान डोलावली. “मंगळवारी. पण मोटेच हाक देणार, दुसरं कुणी नाही.”

साहेब गेल्यावर गँगमध्ये चर्चा सुरू झाली. गँगमधल्या कुलदीपला मोबाइलवर व्हिडिओ बघायची हौस. तो म्हणाला, “एक सर सांगत हुते, नोकरीत वर जायचं तर कौशल्य आन मानसिकता, दोन्हीचा समतोल पायजे.”

“म्हणजे काय रे?” मुनवरनं विचारलं.

“म्हणजे हात आन डोकं, चाचा.”

“मग ह्या दोन्हीच्या मधी गळा असतो, तो सरांनी का सोडला?”

सगळे हसले. बलभीम नव्हता तिथं. तो वाटेला लागला होता.

त्या आठवड्यात रामलिंगच्या झाडीतल्या जनावरांनी जे ऐकलं, ते माणसांनी ऐकलं नसेल. बलभीम चालता चालता हाकांचा सराव करायचा. “बोला रे,” एवढं म्हणायचा आणि स्वतःच्या आवाजानं दचकून मागं बघायचा. आवाज कुणा परक्याचाच वाटायचा त्याला. एकदा सगळा जोर काढून ओरडला, “वाशीचा खवा!” तर झाडीतून मोर ओरडला आणि पुलावरचं कानतुटं वानर भाकरी टाकून पळालं. बलभीम त्या टाकलेल्या भाकरीकडं बघत उभा राहिला. आता पुलावरही तो एकटाच होता.

रविवारी गायत्रीचा फोन आला. “बाबा, बरंय का?” त्याला सांगायचं होतं की मंगळवारी असं असं आहे, छातीत धडधडतंय, तुझी आई असती तर तिनं माझ्या वतीनं हाक दिली असती. तो म्हणाला, “बरंय.”

सोमवारी परतीच्या वाटेवर भुवनेश्वरी त्याची वाट अडवून उभी राहिली.

“अण्णा, माझ्यावर राग धरलाव काय?”

“न्हाय.”

“मग बोलंना झालाव.”

“म्या कधी बोलत हुतो?”

“ते बी खरंच की!” ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “मला कळवायलाच लागलं अण्णा. मला काय ठाव पत्रा कुणाचा?”

“बरोबर केलंस.”

ती गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “माझा मालक बी तुमच्यासारखाच हुता. छातीत दुखायचं. म्या इचारलं की म्हणायचा, बरंय. चार म्हैने बरंय, बरंय. एक दिस बरंय म्हणूनच डूटीला गेला, आन आणला त्यो झोळीत घालून. अय्यो, त्या शब्दाचा मला एवढा राग येतोय अण्णा, की कुणी म्हणलं तर थोबाडीत मारावी वाटती.” तिनं डोळे पुसले. “तुमी सहा किलोमीटर डोक्यात घेऊन फिरताव. उद्या तुमी गेलाव तर आमी काय रुळाला इचारायचं?”

बलभीमनं हातोडा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. तोवर ती निघून गेली होती.

मंगळवारी सकाळी ब्लॉक मिळाला, म्हणजे पाऊण तास गाडी बंद. वळणावरचा रूळ एक बोट बाहेर गेला होता, तो आत घ्यायचा होता. खडी मोकळी करून दहा जणांनी पहारी लावल्या. साहेब घड्याळ बघत उभे. मुनवर चिंचेखाली दोन्ही हात तोंडावर ठेवून बसला होता, लग्नात मुलीचा बाप बसावा तसा. बलभीम चाळीस पावलं लांब गेला. या कामात मेट रुळाला गाल लावून आडवा होतो, एक डोळा मिटतो, आणि रूळ कुठं वाकडा आहे ते बघून लांबूनच हाक देतो.

तो उभाच राहून म्हणाला, “बोला रे. वाशीचा खवा.”

कुणी हललं नाही. ऐकूच आलं नव्हतं.

“वाशीचा खवा!”

“अण्णा,” युवराज लांबून ओरडला, “खवा इकताव का रूळ वढताव?”

हसण्याच्या नादात चार पहारी दाबल्या गेल्या, सहा राहिल्या. एकाची पहार निसटून खडीवर खणखणली. रूळ तसूभर हलला तो वाकडाच. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं. दहा मिनिटं गेली होती. मुनवर अर्धा उठला आणि परत बसला.

बलभीमनं खडीवरच्या आपल्या हातोड्याकडं बघितलं. त्याला वाटलं, हातोडा उचलावा आणि चालू लागावं. पुढं पूल आहे, पुलावर कुणी विचारत नाही. आणि खरंच त्यानं एक पाऊल टाकलंही. पण समोर रूळ वाकडा पडला होता. वाकडा रूळ तसाच टाकून जाणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं.

तो खाली बसला, आडवा झाला आणि गाल रुळाला लावला. थंड लोखंड. एक डोळा मिटला. आणि आता त्याला फक्त रूळ दिसत होता, आणि त्याच्या टोकाला दहा जोडी पाय.

“युवराज!” तो ओरडला.

हसणं थांबलं. या माणसाला आपलं नाव माहीत आहे, असं युवराजला पहिल्यांदाच दिसलं.

“तू उजवीकडं जास्त दाबतूस. तुझा ठोका रोज उजवीकडं सरकतोय, ऐकतो म्या. आज डावा हात पुढं धर! कुलदीप, तुझ्या पायाखाली खडक हाय, पहार तिरपी लाव, उभी बसायची न्हाय! भुवनेश्वरी!”

“काय अण्णा?”

“तू हाईस तिथं दर पावसाळ्यात पाणी मुरतंय. बारा वर्षं मुरतंय. खडी दाबून घे आदी, न्हायतर पहार खाली जाईल! तू एकदा ठोकतीस आन परत एकदा हळूच ठोकून बघतीस. आज एकदाच. जोरात!”

एकेक नाव घेत तो दहाव्या माणसापर्यंत गेला. कोण दम कधी सोडतो, कोणाचा खांदा दुखतो, कोण दुपारनंतर ढिला पडतो. ही माणसं तासन् तास काम करायची तेव्हा तो मैलभर लांब एकटा चाललेला असायचा, आणि वाऱ्यावरून येणारे त्यांचे ठोके ऐकायचा. एकोणीस वर्षं त्यांच्याशी बोलला नव्हता, पण त्यांचं ऐकणं एक दिवस चुकलं नव्हतं. गँगची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. युवराजनं मुकाट्यानं डावा हात पुढं घेतला.

“आता म्या नाव घेत न्हाय, नंबर घेतो!” बलभीम ओरडला. “एक!”

“हैसा!”

“दोन!”

“हैसा!”

रूळ हलला. सगळा मिळून, एका अंगानं.

“भुवनेश्वरीपाशी एक सूत बाकी! बाकीचे नुसतं धरा! एक!”

“हैसा!”

“थांबा! पुरे!”

त्या हाकेला चाल नव्हती, यमक नव्हतं, कुणाची सासू नव्हती. पण वळण असं बसलं, की सूत धरून आखावं. खडी भरून झाली तेव्हा ब्लॉकची सहा मिनिटं शिल्लक होती. साहेबांनी स्वतः आडवं होऊन बघितलं, कपडे झटकत उठले आणि खिशातली वही बलभीमपुढं धरली.

“लिहा.”

बलभीमनं पेन घेतलं. हात सवयीनं “सर्व” लिहून बसला. मग थांबला आणि तो शब्द खोडला. त्यानं लिहिलं की वळण एक बोट आत घेतलं, भुवनेश्वरी उभी होती तिथं खाली पाणी मुरतं, चर खणायला पाहिजे. एवढ्यावर थांबेल म्हणावं, तर नाही. पत्र्याचे तुकडे कुठं कुठं होते ते लिहिलं, कुठला खडक, कुठलं झाड पावसाळ्यात कलतं ते लिहिलं. पान संपलं. साहेब म्हणाले, “मोटे, बाकीचं नवीन वहीत. एकोणीस वर्षं आजच लिहिणार का?” गँग हसली, आणि या वेळी बलभीमच्याही मिशा हलल्या.

नाव गेलं, मंजूर झालं. दिवाळीनंतर मुनवरभाईनं हार घालून घेतला, सगळ्यांना सांगून सांगून दोन तास भाषण केलं, आणि जाताना मेटची शिट्टी बलभीमच्या हातात ठेवली. “अब बोल,” एवढंच म्हणाला.

पण सगळं काही साखरेत घोळल्यासारखं झालं असं समजू नका. चिंचेखाली पहिल्या दिवशी बलभीमचं ताट मधोमध लागलं, आणि त्याला घास गिळेना. दहा माणसं एकदम बोलतात, कुणाला कधी उत्तर द्यायचं ते कळेना. हात सवयीनं अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवायचा. ती कुणासाठी, असं कुलदीपनं विचारलं तर तो पुलाकडं बघायचा. संध्याकाळी क्वार्टरवर गेल्यावर घर पूर्वीइतकंच रिकामं असायचं. रविवारी गायत्रीनं विचारलं, “बाबा, बरंय का?” तो उठला, पंखा बंद केला. मग म्हणाला, “गुडघा दुखतोय.” पलीकडं पोर रडायला लागली, आणि त्याला कळेना की गुडघ्यात एवढं रडण्यासारखं काय आहे. फोन त्या दिवशी वीस मिनिटं चालला.

आता त्याच्या वाटेवर भुवनेश्वरी चालत होती. तोच हातोडा, त्याच झेंड्या, गळ्यात तीच डबी. डोंगराकडून तिचा ठोका यायचा, एक जोराचा आणि मागून एक हलका. चिंचेखाली जेवता जेवता बलभीम तो ऐकायचा.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. दुपारची वेळ, डबे उघडलेले. भुवनेश्वरी परतीच्या वाटेवर रुळावरून येताना दिसली. युवराजनं हाक मारली, “या ताई, जेवायला!”

एरवी ती नुसता हात हलवून पुढं जायची. आज न थांबता म्हणाली, “झालं.”

बाकीच्यांनी घास घेतला. बलभीमचा हात मात्र तिथंच थांबला. बाजारातली कळशी वाजवावी आणि आत बारीक चीर असावी, तसा तो शब्द त्याच्या कानावर पडला होता. त्यानं भाकरी ताटात ठेवली, उठला, आणि अनवाणीच खडीवरून तिच्या मागं गेला.

“भुवनेश्वरी, थांब. डबा दाव.”

“अय्यो अण्णा, झालं म्हणलं की!”

“दाव म्हणतो न्हवं.”

तिनं पिशवीतून डबा काढला. त्यानं उघडला. दोन भाकरी, वर शेंगाचटणी, कशालाही हात लागलेला नव्हता.

भुवनेश्वरी रुळाकडं बघत म्हणाली, “पुलावर एकटीला घास उतरंना, अण्णा. आन हिथं पयल्या दिशी उशीर झाला म्हणून न्हाय म्हणलं, मग रोजच तसं झालं, आता कसं यायचं?”

“कानतुटं येतंय का?”

“एकदा आलं हुतं. तुमी न्हाईसा बघून गेलं.”

बलभीमनं डबा बंद केला आणि तो आपल्याच हातात घेऊन चिंचेकडं वळला. चार पावलं गेल्यावर त्यानं मागं बघितलं. ती अजून तिथंच उभी होती. मग त्यानं चाळीस पावलांवरून रूळ हलवायला द्यावी तशी हाक दिली, की झाडावरचे पक्षी उडाले.

“युवराज! सरकून घे! हिचं झालेलं न्हाय!”